रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखतंय! जुनाट वेदना समजून घेऊया



आजचा विषय कोणत्याही पाठ्यपुस्तकात स्वतंत्र धडा म्हणून नाही, पण जवळपास प्रत्येक घरात आहे. कंबर, गुडघे, मान किंवा डोकं वर्षानुवर्षं दुखणारं एक तरी माणूस आपल्या घरात असतं. एक्स-रे होतो, रक्त तपासून होतं, पैसे जमवून एमआरआयही होतो. डॉक्टर म्हणतात, "घाबरण्यासारखं काही नाही." आणि घरी आल्यावर कुणीतरी पटकन बोलून जातं, "काही नाही म्हणाले ना डॉक्टर? मग दुखतं कसं?"

हाच आजचा आपला प्रश्न आहे. अशा माणसाला खरं तर दोन दुखणी असतात. एक कमरेचं आणि दुसरं, कुणी विश्वास ठेवत नाही त्याचं. मी शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे हा लेख औषध देण्यासाठी नाही, समजून घेण्यासाठी आहे. चला तर मग, सुरुवातीपासून पाहूया.

१) वेदना म्हणजे नेमकं काय?

आपल्याला वाटतं, जितकी मोठी जखम तितकी मोठी वेदना. हे नेहमी खरं नसतं. वेदनेचा अभ्यास करणारी 'इंटरनॅशनल असोसिएशन फॉर द स्टडी ऑफ पेन' ही संस्था १९७३ मध्ये स्थापन झाली. तिने २०२० मध्ये वेदनेची सुधारित व्याख्या दिली. सोप्या भाषेत तिचा अर्थ असा : वेदना हा शरीराला आणि मनाला मिळून येणारा एक नकोसा अनुभव आहे. शरीराला इजा झाली असेल, होण्याची शक्यता असेल, किंवा इजा झाल्यासारखं वाटत असेल, तेव्हा तो येतो.

यातला शेवटचा भाग पुन्हा वाचा. 'इजा झाल्यासारखं वाटत असेल' तरीही ती वेदनाच. आणि याच व्याख्येसोबत आणखी एक गोष्ट सांगितली आहे : एखादा माणूस 'मला दुखतंय' म्हणतो, तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान ठेवला पाहिजे.

२) वेदनेचा प्रवास

अंगठ्याला ठेच लागली की काय होतं, आठवा बरं. आधी एकदम तीक्ष्ण कळ येते. मग क्षणभराने ठणका सुरू होतो. असं का? कारण आपल्या शरीरात वेदनेचा निरोप नेणारे दोन प्रकारचे चेतातंतू आहेत. एक जलद, ते सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर वेगाने निरोप नेतात. दुसरे संथ, त्यांचा वेग सेकंदाला साधारण अर्धा ते २ मीटर. पहिला निरोप म्हणजे कळ, दुसरा म्हणजे ठणका.

हे निरोप आधी पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूत जातात आणि तिथून मेंदूकडे. चेतातंतू फक्त 'इथे धोका असू शकतो' एवढंच कळवतात. ते किती गंभीर आहे, त्याचं काय करायचं, हे मेंदू ठरवतो आणि मग आपल्याला 'दुखतं'.

आता स्वयंपाकघरातलं एक उदाहरण. हिरव्या मिरचीचा ठेचा केल्यावर हाताची किती आग होते! पण हात भाजलेला असतो का? नाही. थर्मामीटर लावला तर तापमानही वाढलेलं नसतं. अमेरिकेतले शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये याचं कारण शोधलं. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता ओळखणारं एक 'कुलूप' आपल्या चेतातंतूंवर असतं. मिरचीतला कॅप्सेसिन हा घटक नेमकं तेच कुलूप उघडतो. मेंदूला निरोप जातो, 'भाजतंय!' या विषयातल्या संशोधनासाठी ज्युलियस यांना आर्डेम पॅटापुटियन यांच्यासोबत २०२१ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

म्हणजे बघा, हात भाजलेला नाही, पण आग मात्र शंभर टक्के खरी आहे. ठेचा वाटणाऱ्या बाईला आपण 'नाटक करतेस' म्हणत नाही. मग कंबर दुखणाऱ्या बाईला का म्हणतो?

३) मेरुरज्जूतला दरवाजा

लहान मूल पडलं की आई काय करते? लागलेल्या जागी चोळते, फुंकर घालते. आणि खरोखर बरं वाटतं. याचं शास्त्रीय उत्तर १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं. त्यांच्या सिद्धांतानुसार मेरुरज्जूत जणू एक दरवाजा असतो. वेदनेचा निरोप त्यातूनच वर जातो. चोळल्यामुळे स्पर्शाचे निरोप तिथे पोहोचतात आणि दरवाजा थोडा लोटला जातो. पुढे या सिद्धांतात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण मुख्य कल्पना टिकली : वेदनेचा निरोप वाटेत कमी-जास्त करता येतो.

हा दरवाजा वरून मेंदूही उघड-बंद करू शकतो. मैदानावर खो-खो खेळताना मुलाचा गुडघा फुटतो, रक्त येतं, पण डाव संपेपर्यंत त्याला पत्ताच नसतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, इटलीतल्या अँझिओ इथे हेन्री बीचर नावाचे अमेरिकन डॉक्टर जखमी सैनिकांवर उपचार करत होते. गंभीर जखमा झालेल्या सैनिकांना त्यांनी विचारलं, वेदनेसाठी औषध हवं का? सुमारे तीन चतुर्थांश जणांनी नको म्हटलं. रणांगणातून जिवंत सुटलो, हीच त्यांच्या मेंदूसाठी मोठी बातमी होती.

आपला मेंदू स्वतःचं वेदनाशामकही तयार करतो. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीन इथे जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी १९७५ मध्ये मेंदूतले मॉर्फिनसारखं काम करणारे पदार्थ शोधून काढले. एंडॉर्फिन हे नाव आपण ऐकलं असेल, ते याच कुटुंबातलं.

४) मग दुखणं 'जुनाट' कधी होतं?

जे दुखणं ३ महिन्यांपेक्षा जास्त टिकतं किंवा पुन्हा पुन्हा येतं, त्याला जुनाट वेदना म्हणतात. ताजी वेदना आणि जुनाट वेदना यातला फरक नीट समजून घ्या.

ताजी वेदना म्हणजे शेताची राखण करणारा शहाणा कुत्रा. अनोळखी माणूस आला की भुंकतो, गेला की गप्प बसतो. त्याच्या भुंकण्यामुळेच आपण वाचतो. हाड मोडल्यावर दुखलंच नसतं, तर आपण तसेच चालत राहिलो असतो.

पण समजा, एकदा रात्री मोठी चोरी झाली. त्यानंतर तो कुत्रा घाबरून इतका सावध झाला की पान पडलं तरी भुंकतो, मांजर गेलं तरी भुंकतो, घरचा माणूस आला तरी भुंकतो. चोर कधीच पळून गेलाय, भुंकणं मात्र थांबत नाही. जुनाट वेदनेत बऱ्याचदा असंच होतं. जखम भरून येते, पण चेतासंस्था जागीच राहते. क्लिफर्ड वुल्फ या शास्त्रज्ञाने १९८३ मध्ये प्रयोगातून दाखवलं, की इजेनंतर मेरुरज्जूतल्या पेशी अतिसंवेदनशील होऊ शकतात. मग साधा स्पर्श, वाकणं, थंड वारा यांचेही निरोप मोठे होऊन मेंदूत पोहोचतात.

जुनाट वेदनेचे साधारण तीन प्रकार मानतात :

• इजा किंवा सूज यामुळे होणारी. उदा. संधिवातात सुजलेले सांधे.
• चेतातंतूंनाच इजा झाल्यामुळे होणारी. उदा. मधुमेहात तळपायाची आग होणं, नागीण बरी झाल्यावर राहणारी जळजळ.
• इजा दिसत नाही, पण वेदनेची यंत्रणाच अतिसावध झालेली आहे अशी. उदा. फायब्रोमायल्जिया.

एकाच माणसात हे प्रकार एकत्रही असू शकतात. तिसऱ्या प्रकारात एक्स-रेमध्ये काही दिसत नाही, कारण एक्स-रेमध्ये हाड दिसतं, भुंकणं दिसत नाही.

५) 'मणक्यात गॅप आलाय' म्हणजे काय?

हे वाक्य आपण कितीदा ऐकतो! "गॅप आलाय, आता वाकायचं नाही." "गादी सरकलीय, आता काही खरं नाही." ऐकणारा माणूस त्याच दिवसापासून बादली उचलायची सोडतो.

आता एक अभ्यास बघा. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, ज्यांना पाठदुखी अजिबात नव्हती अशा ३,११० लोकांच्या मणक्यांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या. मणक्यांमधली गादी झिजलेली दिसण्याचं प्रमाण विशीतल्या लोकांत ३७ टक्के आणि ऐंशीच्या वयात ९६ टक्के होतं. गादी बाहेर फुगल्याचं प्रमाण विशीत ३० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के. लक्षात घ्या, यातल्या कुणाचीही पाठ दुखत नव्हती!

म्हणजे वयाप्रमाणे केस पांढरे होतात, तशीच गादीही झिजते. याचा अर्थ एमआरआय निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. कधी कधी नस खरोखर दबलेली असते आणि तपासणीत ती सापडते. पण रिपोर्टमधला प्रत्येक शब्द म्हणजे दुखण्याचं कारण नव्हे.

६) म्हणजे सगळे मनाचे खेळ?

नाही. इथेच मोठी गल्लत होते. मेंदू वेदना तयार करतो, याचा अर्थ माणूस वेदना रचून सांगतो असा होत नाही. भूक लागणं, तहान लागणं हेही मेंदूच ठरवतो. म्हणून भूक खोटी असते का?

पण मनाचा, झोपेचा आणि भीतीचा वेदनेवर परिणाम होतो, हेही तितकंच खरं. एक चक्र कसं चालतं बघा : कंबर दुखते → वाकायची भीती वाटते → हालचाल बंद होते → स्नायू कमजोर होतात → थोड्या कामानेही दुखतं → भीती आणखी वाढते. त्यात रात्री झोप नाही, घरात चिंता, आणि कुणी समजून घेत नाही. कुत्र्याला आणखी घाबरवल्यासारखंच झालं ना?

पालकसभेत मी हे नेहमी बघते. काही आया सतरंजीवर बसतच नाहीत. भिंतीला टेकून उभ्या राहतात. विचारलं तर म्हणतात, "बसले तर उठता येत नाही बाई, आणि सगळ्यांसमोर कुणाला हात मागू?" कापूस वेचून, पाणी भरून, भाकऱ्या थापून ही कंबर थकलेली असते. त्यांना आराम सांगणं सोपं आहे, पण तो मिळणार कुठून? म्हणून उपचारही त्यांच्या रोजच्या जगण्यात बसणारे हवेत.

७) उपचार : उद्दिष्ट बदलूया

'दुखणं शून्यावर आलं की मग जगायला सुरुवात करीन' असं ठरवलं, तर वाट बघण्यातच वर्षं जातात. जुनाट वेदनेत उद्दिष्ट थोडं वेगळं ठेवतात : दुखणं कमी करायचं आणि त्याच वेळी जगणं वाढवायचं. मंदिरापर्यंत चालत जाणं, नातवाला मांडीवर घेणं, रात्री पाच-सहा तास सलग झोप, ही खरी प्रगतीची मापं.

अ) समज : दुखणं म्हणजे दर वेळी नवी इजा नव्हे, हे कळलं की भीती कमी होते. हीसुद्धा उपचाराची एक पायरी आहे.

आ) हालचाल : जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये, विशिष्ट आजार सापडत नाही अशा जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात व्यायाम, रुग्णाला माहिती देणं आणि मानसोपचाराच्या काही पद्धती यांचा समावेश आहे. आणि नेहमीच्या उपचारात काय नको, तेही सांगितलं आहे : कमरेचा पट्टा, ट्रॅक्शन म्हणजे वजनं लावणं आणि अफूवर्गातली वेदनाशामकं. आपल्याकडे पट्टा आणि वजनं यांनाच मुख्य उपचार समजतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते. (ऑपरेशन किंवा फ्रॅक्चरनंतर डॉक्टरांनी पट्टा दिला असेल तर गोष्ट वेगळी. तो स्वतःच्या मनाने काढू नका.) व्यायाम कोणता? चालणं, ताणाचे व्यायाम, योगासनं, जे आवडेल आणि रोज जमेल ते. सुरुवात फिजिओथेरपिस्टला विचारून केली तर उत्तम.

इ) काम वाटून घेणं : दिवाळी आली, जरा बरं वाटतंय, म्हणून एका दिवसात सगळं घर झाडून, माळ्यावरची भांडी घासून काढायची आणि पुढचे चार दिवस अंथरुणात. ओळखीचं आहे ना? याऐवजी घड्याळ लावा. ओट्यापाशी २० मिनिटं उभं राहिल्यावर दुखत असेल, तर १५ मिनिटांनीच बसा. चार-पाच दिवस हे जमलं, की एक-दोन मिनिटं वाढवा. बरं वाटलं म्हणून एकदम वाढवायचं नाही, वाईट दिवस आला म्हणून सगळं सोडायचं नाही. पाढे पाठ करताना आपण मुलांना हेच सांगतो, रोज थोडं. भुंकणारा कुत्रा काठीने गप्प होत नाही, रोजच्या सवयीने होतो.

ई) औषधं : औषधांची गरज असते, पण त्यांची जागा ओळखून. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या रोज, महिनोन्महिने, स्वतःच्या मनाने घेतल्या तर पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. वयस्कर, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या माणसांनी तर फार जपायला हवं. गावोगावी मिळणाऱ्या बिननावाच्या 'जादूच्या पुड्या' तर घेऊच नका. अशा औषधांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळलं आहे. दोन दिवसांत बरं वाटतं, पण पुढे हाडं ठिसूळ होतात आणि साखर वाढते.

चेतातंतूंच्या वेदनेसाठी डॉक्टर कधी अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन किंवा प्रीगॅबालिन देतात. यातली पहिली दोन औषधं नैराश्यावरही वापरतात. त्यामुळे चिठ्ठी वाचून एखाद्याला वाटतं, 'डॉक्टर मला वेडं समजले.' तसं नाही. मेंदूकडून खाली येणारे, वेदनेचा दरवाजा लोटणारे निरोप वाढवण्याचं कामही ती करतात. अशी औषधं अचानक बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारूनच कमी करावीत.

उ) झोप आणि मन : झोपायची वेळ ठरलेली ठेवा. गरम शेक, हलका मसाज, संथ श्वास यांनी तात्पुरता आराम मिळतो, तो जरूर घ्या. उदासी फार वाढली असेल तर समुपदेशकाकडे जाण्यात कमीपणा नाही.

८) ही लक्षणं दिसली तर थांबू नका

वरचं सगळं वाचून 'दुखणं म्हणजे नुसतं भुंकणं' असं मात्र समजू नका. चोर खरोखर आलेला असू शकतो. खालीलपैकी काही असेल तर लगेच डॉक्टरांकडे जा :

• लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं, लघवी अडणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं
• पायातली ताकद कमी होत जाणं
• ताप, किंवा कारण नसताना वजन घटणं
• आधी कर्करोग झालेला असणं
• पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं
• रात्री आराम करतानाही वाढत जाणारं दुखणं

कर्करोगाच्या वेदनेचं गणितही वेगळं आहे. तिथे 'सहन करा' म्हणणं म्हणजे अन्याय. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच या वेदनेसाठी पायरी-पायरीने औषधं देण्याची पद्धत सांगितली, त्यात गरजेप्रमाणे मॉर्फिनही येतं. त्याच वर्षी मुंबईत वांद्र्याला 'शांती अवेदना सदन' सुरू झालं. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे मॉर्फिन मिळणं फार अवघड झालं होतं. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून नियम सोपे केले गेले. योग्य देखरेखीखाली दिलेलं मॉर्फिन अशा रुग्णाला व्यसनी बनवेल, या भीतीने त्याला तळमळत ठेवू नये.

९) घरच्यांनी आणि शिक्षकांनी काय करावं?

विश्वास ठेवावा. दुसऱ्याची वेदना मोजायचं यंत्र अजून तरी नाही. त्याचं सांगणं हेच आपलं मोजमाप. विश्वास न ठेवल्याने काय होतं, याचं एक उदाहरण वैद्यकीय इतिहासातच आहे. नवजात बाळांना वेदना फारशा जाणवत नाहीत, असा एकेकाळी समज होता. त्यामुळे बाळांची ऑपरेशनं पुरेशा वेदनाशामकाशिवाय होत असत. १९८७ मध्ये कन्वलजीत आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की ऑपरेशनवेळी वेदनाशामक दिलेल्या बाळांच्या शरीरावर ताण कमी येतो आणि नंतरचे त्रासही कमी होतात. बाळ बोलू शकत नव्हतं, एवढंच. दुखत तर होतंच.

म्हणून वर्गातलं मूल रोज गणिताच्या तासाला 'पोटात दुखतंय' म्हणालं, तर 'बहाणा' म्हणून हसू नका. आधी तपासून घ्या. काही सापडलं नाही तरी दुखणं खरं असू शकतं, मग त्यामागची भीती शोधा. आणि घरात आईला 'तू बसून राहा, काही करू नकोस' म्हणण्यापेक्षा 'चल, दोघं मिळून चौकापर्यंत जाऊन येऊ' म्हणा. पाण्याचा मोठा हंडा तेवढा तुम्ही उचला.

लक्षात ठेवा

• वेदना आणि इजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.
• ३ महिन्यांपेक्षा जास्त टिकलेलं दुखणं म्हणजे जुनाट वेदना.
• रिपोर्ट नॉर्मल म्हणजे माणूस खोटा नव्हे.
• पूर्ण आराम हा उपाय नाही, हळूहळू वाढवलेली हालचाल हा उपाय आहे.
• धोक्याची लक्षणं ओळखा.

स्वाध्याय

१. ठेचा वाटल्यावर हाताची आग का होते? या उदाहरणातून वेदनेबद्दल काय कळतं?
२. पडलेल्या मुलाला चोळल्यावर बरं का वाटतं?
३. तुमच्या घरातल्या दुखणं असलेल्या व्यक्तीशी १० मिनिटं बोला. 'कुठे दुखतं' हे विचारूच नका. 'दुखण्यामुळे काय करायचं राहून गेलं' हे विचारा आणि त्यातली एक गोष्ट या महिन्यात थोडी-थोडी करून बघा.

तिसरा प्रश्न सर्वात महत्त्वाचा आहे. आपल्या घरातलं जे माणूस सर्वात जास्त सोसतं, त्याला बहुतेक वेळा वाचायला सवड नसते. तेव्हा संध्याकाळी भाकरी होईपर्यंत ओट्याशेजारी बसा आणि हा लेख त्यांना वाचून दाखवा.